सोनारानेच कान टोचावे

गावातील शाळा, वाचनालय किंवा वसतिगृह चालविणारी एखादी संस्था तुमच्या माहितीची असेलच. कदाचित तुम्ही तिच्या कार्यकारी मंडळावर असाल, नाहीतर तिच्या शाळेत शिक्षक असाल. तिथे विद्यार्थ्यांची परीक्षा होते, शिक्षकांच्या कामाची तपासणी होते, जमाखर्चाचीही होते. मग जे मंडळ या सर्वांवर देखरेख करते, त्याची परीक्षा कोणी घ्यायची?

तुम्ही म्हणाल, कायदा आहे की! खरे आहे. १८६० च्या कायद्याखाली संस्थेची नोंदणी होते आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे तिचे हिशेब तपासले जातात. हिशेबतपासनीस पावत्या पाहतो. सभा नियमाने भरल्या का, इतिवृत्ताची वही आहे का, हेही नोंदवितो. पण त्या सभांतून निष्पन्न काय झाले, हे सांगणे त्याचे काम नव्हे.

समजा, एका शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह बांधण्याचा ठराव लागोपाठ तीन सभांत मंजूर झाला. काम कोणी करायचे, केव्हापर्यंत करायचे, याची मात्र कुठेच नोंद नाही. हिशेबात एका पैची चूक सापडणार नाही. कारण पैसा खर्चच झालेला नाही! वही स्वच्छ आणि मुली मात्र शाळा सोडताहेत. ही चूक मंडळाची आहे, आणि ती जमाखर्चात दिसत नाही.

मग मंडळाला ती का दिसू नये? कारण माणसे एकमेकांची असतात. अध्यक्ष वडीलधारे, चिटणीस त्यांचा भाचा, तिसरे सभासद गावातले सावकार. ‘दादा, तुम्ही वर्षभर सभेला आला नाहीत,’ असे म्हणायचे कोणी? शिक्षकाने म्हणावे, तर त्याची नोकरी यांच्याच हाती. संस्थापक असतात तोवर त्यांचा धाक असतो. पण संस्था माणसांपेक्षा जास्त जगतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मधली, कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था १९१९ मधली. संस्थापक गेले, तरी काम चालूच आहे. अशा वेळी बाहेरची नजर लागते. आपल्याकडे म्हणतातच, सोनारानेच कान टोचावे. आईचा हात कापतो; सोनाराचा कापत नाही.

हा सोनार म्हणजे त्रयस्थ सल्लागार. तो दोनतीन वर्षांची इतिवृत्ते वाचतो, सभासदांची हजेरी मोजतो, कोणता ठराव तडीस गेला आणि कोणता कागदावरच राहिला, ते पाहतो. मग प्रत्येक सभासदाशी, मुख्याध्यापकांशी, काही पालकांशी एकेकट्याने बोलतो. कोण काय बोलले ते सांगत नाही. काय आढळले तेवढे लिहून देतो.

मात्र त्याला नेमताना चार गोष्टी सांभाळा. तो कोणाचा नातलग नसावा, संस्थेचा कंत्राटदार नसावा. त्याचा मोबदला आधीच ठरवावा. अहवाल गोड लागला म्हणून वाढू नये आणि कडू लागला म्हणून अडू नये. त्याला नेमण्याचा ठराव सबंध मंडळाने करावा, आणि अहवालही सबंध मंडळापुढे वाचला जावा, अध्यक्षांच्या कपाटात जाऊ नये. चौथी गोष्ट सर्वांत मोठी: वाचनानंतर कोणत्या सुधारणा, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायच्या, हे त्याच सभेत लिहून घ्यावे. नाहीतर तो अहवालही चौथ्यांदा मंजूर झालेल्या ठरावासारखाच!

लहान संस्थेला हा खर्च कसा झेपावा? दुसऱ्या तालुक्यातील संस्थेशी अदलाबदल करा: त्यांचे अनुभवी कार्यकर्ते तुमचे मंडळ पाहतील, तुमचे त्यांचे. एखादे निवृत्त मुख्याध्यापक किंवा हिशेबतपासनीसही हे काम आनंदाने करतील. अट एकच, त्यांचे तुमच्या गावात कोणाशी देणेघेणे नसावे.

आणि एक ध्यानात ठेवा. सल्लागार दोष दाखवील, निर्णय घेणार नाही. कान टोचून सोनार निघून जातो. पुढे ती जखम स्वच्छ ठेवणे घरच्यांकडेच असते. संस्था लोकांच्या वर्गणीवर आणि लोकांच्या विश्वासावर उभी आहे. तिच्या येत्या वार्षिक सभेत तुम्ही बसाल, तेव्हा उठून एवढेच विचारा: मागच्या वर्षीच्या ठरावांपैकी किती पुरे झाले? उत्तर मिळाले नाही, तर सोनाराला बोलावण्याची वेळ झाली, असे समजा.