गुहेत ड्युटीवर बसलेला बाप: झेब्रा प्लेको

आजचा एपिसोड छोटा आहे, पण मासा एकदम भारी. झेब्रा प्लेको. पांढऱ्या अंगावर काळे पट्टे, लांबी जेमतेम 8 सेंटीमीटर. मासे पाळणारे त्याला एल-46 म्हणतात. हा कॅटफिशच्या खानदानातला, आणि जगात फक्त एकाच नदीत सापडतो: ब्राझीलमधली शिंगू.

या नदीच्या तळाशी खडकच खडक. नर त्यातली एखादी कपार पकडतो. अंगाला घट्ट बसेल अशी, एका बाजूने बंद. मादी आत आली की हा दार अडवून बसतो. कधीकधी काही दिवस! मादी अंडी घालते आणि निघून जाते. पुढची सगळी ड्युटी बापाची. तो पंख हलवून अंड्यांवर सतत ताजं पाणी फिरवत राहतो. नाहीतर ऑक्सिजन कमी पडतो, बुरशी धरते. साधारण आठवड्याने पिल्लं निघतात, पण पोटाला बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत पिल्लं बापाजवळच.

आपल्या कोकणातला शिंगाळासुद्धा कॅटफिशच बरं का. त्यातला नर तर अंडी तोंडात सांभाळतो!

आता मुद्दा. रोहूची मादी लाखो अंडी सोडते. झेब्रा प्लेकोची अंडी किती? एका वेळी साधारण 10 ते 15. म्हणजे सगळी भिस्त त्या एका बापावर आणि कपारीतून वाहणाऱ्या पाण्यावर. आणि नेमकं तेच पाणी कमी झालंय. बेलो मोंते धरण 2016 मध्ये सुरू झालं आणि नदीचं बरंचसं पाणी विजेसाठी वळवलं गेलं. वर चोरटी विक्री आहेच. नदीतला मासा देशाबाहेर पाठवायला ब्राझीलमध्ये बंदी आहे, 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आलं. तरी तस्करी होते, कारण किंमत तगडी मिळते.

चांगली गोष्ट म्हणजे टाकीत मातीची नळी ठेवली तरी नर तिला गुहा मानतो, पिल्लंही होतात. म्हणून घ्यायचाच असेल तर आधी विचारा, "टाकीत जन्मलेला आहे का? कागद आहेत?" उत्तर गोलमोल आलं तर सरळ पुढे चला.

आणि घरी नर गुहेत बसला असेल तर रील काढायला मोबाईलचा टॉर्च मारू नका. बिचकलेला नर अंडी बाहेर ढकलून देऊ शकतो. त्याला त्याचं काम करू द्या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!