घरच्या घरी बाइक सजवताना: स्प्रे कॅन, व्हिनाइल आणि एक साडी गार्ड

आज कोडिंगला सुट्टी, आज गाडीबद्दल बोलू. माझ्या डॉमिनारचे फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "घरीच केलंस का रे? खर्च किती आला?" सांगतो सगळं. पण आधीच कबूल करतो, यातलं सगळ्यात महागात पडलेलं काम चक्क फुकटातलं होतं.

गाडी २०१७ची डॉमिनार ४००, सेकंडहँड घेतलेली. ३७३ सीसी इंजिन, वजन १८० किलोच्या वर, हायवेला एकदम मजेत चालते. पण टाकीवर ओरखडे होते आणि मागच्या पॅनेलचा रंग उडालेला होता. मी म्हटलं, इंजिनिअर आहोत, यूट्यूब आहे, शनिवार-रविवार आहे. होऊन जाईल.

पहिली चूक म्हणजे मुहूर्त. मी रंगकामाला बसलो जुलैत, पुण्यात, गच्चीवर, पत्र्याखाली. पॅनेल काढली, ४०० आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने घासली, प्रायमर मारला, काळ्या रंगाचे पातळ हात दिले. अर्ध्या तासात काळ्यावर दुधासारखी पांढुरकी झाक आली. झालं असं, की थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावरच बसतं. म्हणजे पावसाळ्यात स्प्रे कॅन हातात घ्यायचाच नाही. सगळं परत घासलं.

दुसरी चूक टाकीवर. रंग छान आला, वर साधा क्लिअर मारला, दोन आठवडे मिरवलो. मग पंपावर झाकणापाशी चार थेंब पेट्रोल सांडलं आणि तिथला क्लिअर मऊ पडून सुरकुतला. साध्या कॅनमधला क्लिअर नुसता वाळतो, त्यात हार्डनर नसतो, त्यामुळे पेट्रोलपुढे टिकत नाही. टाकीला हार्डनरवाला, म्हणजे टू-के क्लिअर लागतो. पण त्याच्या फवाऱ्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून किंवा कापडी मास्क लावून ते काम करायचं नाही. मी टाकी गुपचूप पेंटरदादांकडे दिली. ते हसले, पण काम चोख केलं.

बाकीच्या पॅनेलना मग व्हिनाइल रॅप केलं, आणि नवशिक्यांना मी तेच सुचवीन. पॅनेल आधी साबणाच्या पाण्याने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोटाचा तेलकटपणा राहिला तरी कडा सुटतात. सपाट भागाला घरचा हेअर ड्रायर पुरतो, वळणांना हीट गन लागते. फिल्म फार ताणू नका. ताणलेलं व्हिनाइल पुन्हा मूळ आकारात जाऊ बघतं, म्हणून कडा आत दुमडल्यावर शेवटी एकदा नीट गरम करायच्या. कटर रंगावर चालवू नका, पॅनेल काढूनच कापा. नाही आवडलं तर गरम करून सोलून टाकता येतं.

एक कागदी काम. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. पूर्ण रंग बदलणार असाल तर आरटीओत कळवून नोंद करून घ्या. मी मूळ रंगच ठेवला, त्यामुळे ती भानगड नाही.

आता ते फुकटातलं काम. मागून गाडी 'क्लीन' दिसावी म्हणून मी साडी गार्ड काढून टाकलं. तीन-चार बोल्ट, दहा मिनिटं. फोटो झकास आले. दीडएक वर्ष काही झालं नाही.

मग एका रविवारी आईला घेऊन मावशीकडे निघालो होतो. आई नेहमीसारखी डावीकडे पाय सोडून एका बाजूला बसलेली. कर्वे रोडला सिग्नलच्या थोडं अलीकडे शेजारचा स्कूटरवाला ओरडला, "दादा, पदर! पदर!" मी ब्रेक दाबला. वेग फार तर वीसचा असेल. पदर चाकात जाऊन चेनपाशी गुंडाळला गेला होता आणि आई मागे ओढली गेली होती. दुकानातून कात्री आणून पदर कापावा लागला. आईला खरचटलंसुद्धा नाही. आम्ही चाळीसच्या वेगात असतो तर आज हा भाग मी रेकॉर्ड करत नसतो.

आई रागावली नाही. फक्त चाकाकडे बघून म्हणाली, "इथे जाळी होती ना रे आधी?"

घरी येऊन वाचलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ सांगतो, की मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवंच. म्हणजे मी ज्याला दिसायला वाईट म्हणून काढलं, ते कायद्याने लावायला लावलेलं होतं. ऑफिसमध्ये कोणी जुन्या कोडमधली ओळ 'काही करत नाही' म्हणून उडवली तर रिव्ह्यूमध्ये मीच विचारतो, ती कशासाठी होती ते बघितलंस का? गाडीच्या बाबतीत मी स्वतःला हे विचारलंच नाही.

गार्ड त्याच संध्याकाळी परत लावलं. ते माळ्यावर डब्यात होतं, बोल्टसकट, हे नशीब. मॅट काळ्या व्हिनाइलने गुंडाळलं, आता वाईटही दिसत नाही. रिफ्लेक्टर आणि मागचा मडगार्ड काढायचा बेत होता, तो रद्द केला. रात्री घाटात मागच्या ट्रकवाल्याला मी दिसायला हवा.

तर खर्चाचं उत्तर: व्हिनाइल, पेंटरदादांची मजुरी, वाया गेलेले कॅन आणि आईची एक साडी. तुमच्या गाडीवरून काही काढून ठेवलं असेल तर आज जाऊन एकदा बघा, ते कशासाठी होतं. आणि मला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. भेटू या, हेल्मेट घाला!