डेटाची किल्ली कोणाकडे?

पुण्या-मुंबईहून आणि वरंधा घाट चढून महाडहून आलेल्या प्रोग्रामर मित्रमैत्रिणींनो,

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या वतीने, स्वागताध्यक्ष या नात्याने मी आपलं मनःपूर्वक स्वागत करतो.

वेब अ‍ॅप्लिकेशन विकतच्या साधनांवर बांधावं की ओपन सोर्सवर, हा आज आपला विषय. विकतच्या साधनांना मी नावं ठेवणार नाही. अडचण आली की जबाबदार माणूस फोनवर मिळतो, आणि छोट्या संस्थेला त्याचा मोठा आधार असतो. पण आमच्याकडच्या एका भात उत्पादक गटाची सभासद-यादी मी पाहिली आहे. नावं विकतच्या जुन्या फॉन्टमध्ये भरलेली होती. कॉम्प्युटर बदलला, नव्यावर तो फॉन्ट नव्हता, आणि धोंडिबा, सखूबाईंच्या जागी रोमन अक्षरांचं गिचमीड उमटलं. माणसं तीच, जमीन तीच, पण यादी वाचता येईना.

मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही हेच घडतं. अडोबीने २०२० अखेर फ्लॅश बंद केलं, मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये सिल्व्हरलाइटचा आधार काढला. त्यांवर उभी असलेली कामं लोकांना नव्याने लिहावी लागली. याउलट, मायएसक्यूएल हा खुला डेटाबेस ओरॅकलच्या हाती जाणार हे दिसताच मूळ कर्ते माँटी विडेनियस यांनी २००९ साली त्याच खुल्या कोडवरून मारियाडीबी काढला. कोड खुला होता म्हणूनच ते शक्य झालं. त्याच मारियाडीबीवर मुंबईत ऋषभ मेहता आणि सहकाऱ्यांनी उभारलेली फ्रॅपे ही वेब अ‍ॅप्लिकेशनची चौकट (फ्रेमवर्क) चालते आणि फ्रॅपेवर ईआरपीनेक्स्ट हे व्यवसायाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. मराठी मुलखात घडलेलं हे काम जगभर वापरलं जातं, याचा मला अभिमान वाटतो.

म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: एसएमएस, पेमेंटच्या सेवा खुशाल विकत घ्या, पण नोंदी जिथे राहतात तो डेटाबेस आणि त्यावरची चौकट खुली असू द्या. मात्र ओपन सोर्स म्हणजे बिनखर्चाचं, असं कोणी समजू नये. सर्व्हर सांभाळणं, सुरक्षेचे अपडेट टाकणं याला माणूस लागतो, आणि त्याला पगार लागतो. परवान्याचे वाचलेले पैसे त्या माणसाला द्या. तो माणूस पुण्याहून बोलावण्याऐवजी भोरच्याच कॉलेजातून तयार व्हावा, ही माझी तळमळ आहे.

दुपारच्या सत्रात आमची मुलं-मुली आपल्या शेजारी बसतील. त्यांना बॅकअप घ्यायला शिकवा, आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहायलाही शिकवा.