मिशनच्या कॉलेजात मुलगी घालावी का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाहुणी बोलवावी आणि तिने स्त्रीशिक्षणाची थोरवी गावी, असा रिवाज आहे. ती थोरवी आता आपणांस कोणी पटवून देण्याची गरज उरलेली नाही. बारावीचा निकाल लागला की घरोघरी जो प्रश्न पडतो, तो याहून अवघड असतो. मुलीला मुंबईच्या मिशनच्या कॉलेजात जागा मिळते आहे, पाठवावी का? आजी म्हणते, "पोर बाटेल." वडील म्हणतात, "खर्च झेपेल का?" आई गप्प असते, कारण तिला दोघांचेही म्हणणे कळते. आणि जिचा प्रश्न, ती दाराआड उभी राहून ऐकत असते. आज मी या प्रश्नावरच चार शब्द बोलणार आहे.

आधी आजींच्या भीतीबद्दल. ती भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तिला इतिहास आहे. आपली सावित्री नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटास आणि पलीकडे हर्णैला स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी दोनशे वर्षांपूर्वी शाळा घातल्या. १८२९ साली जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट मराठी शिकण्यासाठी प्रथम याच किनाऱ्यावर राहिली. मुंबईस गेल्यावर मार्गारेटबाईंनी त्याच साली मुलींच्या शाळा सुरू केल्या, आणि विल्सनसाहेबांनी १८३२ साली काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले. १८३९ साली त्यांच्या शाळेतील पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला आणि प्रकरण कोर्टात गेले. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाच्या ब्राह्मण मुलाबद्दल तसाच खटला झाला. कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला, पण त्याला जातीत घेण्यावरून केवढे वादळ उठले! बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. आजींच्या मनात आहे ती त्या काळापासून चालत आलेली धास्ती.

पण त्याच शाळांची दुसरी बाजूही पाहा. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या फॅरारबाई मुलींची शाळा चालवीत. ती पाहून आल्यावर जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही मिशनच्या बायकांकडून अध्यापनाचे शिक्षण घेतले. दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी विद्या घेतली आणि मार्ग स्वतःचा काढला.

आणखी एक उदाहरण घेऊ. ती शाळा होती, कॉलेज नव्हते. पण आपला प्रश्न तिथे फार स्पष्ट दिसतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. काही मुलींचा ओढा त्या धर्माकडे होऊ लागला, तेव्हा १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. ज्या मुलींचे शिक्षण त्या दिवशी तुटले, त्यांचे पुढे काय झाले हे कोणी फारसे विचारीत नाही. सदनात पहिल्यांदा आलेली विधवा मुलगी मात्र आपल्याच कोकणातली, देवरुखची गोदूबाई. ती तिथे शिकली, आपल्या धर्मात राहिली, आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. एकाच छपराखाली शिकून काही मुली एका वाटेने गेल्या, काही दुसऱ्या.

इथे मला आणखी एक सांगावेसे वाटते. धर्म बदलला म्हणजे माणूस फसलाच, असे निदान आपण महाडकरांनी तरी म्हणू नये. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, ती वर्षानुवर्षे विचार करून. त्या वाटेने गेलेली कुटुंबे आपल्या शेजारी आहेत, या सभेतही आहेत. भ्यायचे तर अविचाराला भ्यावे. स्वतः विचार करायला शिकलेली मुलगी कुठल्याही कॉलेजात घाला, ती आपले आपण पारखून घेईल.

कायदाही तिच्या बाजूला आहे. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमात सांगितले आहे, की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसविता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल, तर पालकांची संमती लागते. पण भगिनींनो, कागदावरचा हक्क म्हणजे काय, हे चवदार तळ्याच्या गावाला वेगळे सांगायला नको. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना मोकळे केल्याचा ठराव केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह त्या तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले, मार खावा लागला, आणि कोर्टाचा शेवटचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. तेव्हा मुलीला हे कलम तोंडपाठ करून द्या, आणि नको त्या गोष्टीला सभ्यपणे "नको" म्हणण्याची सवय घरापासून लावा. घरात जिला कधी "नको" म्हणू दिले नाही, ती परक्या शहरात ते कशी म्हणेल?

आता वडिलांचा प्रश्न. तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

पहिली गोष्ट, मुलीला काय शिकायचे आहे? साधी बी.ए. किंवा बी.कॉम.ची पदवी हवी असेल, तर आपल्या गावात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे बाबासाहेबांच्या नावाचे कॉलेज आहे. मुंबई विद्यापीठाचीच पदवी तिथेही मिळते. केवळ पाटीच्या नावासाठी पावणेदोनशे किलोमीटरवर खोली घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पण काही विषय इथे मिळत नाहीत. समाजकार्य शिकायचे असेल तर १९५५ सालापासूनचे निर्मला निकेतन आहे. सोफिया हे मुलींचे कॉलेज १९४० पासूनचे; त्यांच्या पॉलिटेक्निकमध्ये वृत्तपत्र आणि प्रसारमाध्यमांचे शिक्षण मिळते. १८६९ साली निघालेल्या सेंट झेवियर्सला २०१० साली स्वायत्तता मिळाली, म्हणजे अभ्यासक्रम कॉलेज स्वतः आखते. तिथेच फादर हेरास या स्पॅनिश धर्मगुरूंनी भारतीय इतिहासाच्या संशोधनाची संस्था उभी केली, आणि आपल्या दुर्गाबाई भागवत त्याच कॉलेजच्या विद्यार्थिनी. चांगला गुरू आणि चांगले ग्रंथालय यांसाठी घर सोडावे लागले, तर ते सोडणे वाया जात नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. एकाच कॉलेजात अनुदानित वर्गाची फी एक आणि विनाअनुदानित वर्गाची तिच्या कितीतरी पट, असे असते. तेव्हा कॉलेजची फी विचारू नका, त्या वर्गाची विचारा. मुलींचे वसतिगृह आहे का, हे आधीच पक्के करा. बाहेर खोली घेण्याची वेळ आली, तर फीपेक्षा भाडे आणि खाणावळच जड होते.

तिसरी गोष्ट आपल्यातील पुष्कळांना लागू आहे. अल्पसंख्याकांच्या संस्थांना घटनेच्या १५ व्या कलमाने राखीव जागांच्या सक्तीतून वगळले आहे. त्या संस्थांत त्यांच्या समाजाच्या मुलांसाठी जागा असतात. म्हणून अनुसूचित जातीजमातींच्या आणि इतर मागास घरांतील मुलींनी, राखीव जागा मिळेलच असे गृहीत धरून दुसरीकडचा प्रवेश सोडू नये. शिष्यवृत्ती कुठल्या वर्गाला लागू होते, तेही लेखी विचारून घ्यावे.

चौथी गोष्ट भाषेची. मराठी शाळेतून गेलेल्या मुलीला तिथले इंग्रजी पहिले सहा महिने जड जाते. हुशार मुलगीही वर्गात मुकी बसते आणि घरी पत्र येते, "मला परत न्या." अशा वेळी लगेच जीपगाडी काढू नका. आधी धीर द्या, दिवाळीपर्यंत थांबा. त्यानंतरही ती हेच म्हणाली, तर मात्र तिचे ऐका.

शेवटी एक विचारते. हीच जागा मुलाला मिळाली असती, तर घरात एवढी चर्चा झाली असती का? त्याच्या धर्माची काळजी कोणी केली असती का? १९२७ च्या डिसेंबरात याच महाडात बाबासाहेब स्त्रियांशी मुद्दाम वेगळे बोलले आणि मुलींना शिकवा असे त्यांनी सांगितले. तेव्हा दाराआड उभ्या असलेल्या मुलीला आत बोलवा. कागद तिच्यासमोर मांडा, खर्चाचा आकडा तिला सांगा आणि तिचे मत विचारा.

मंडळाला माझी एक सूचना आहे. मुंबईला शिकून आलेल्या आपल्या गावच्या मुलींना निकालाच्या सुमारास एका दुपारी इथे बोलवावे. आयांनी आणि मुलींनी त्यांना मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. माझ्यासारखीच्या भाषणापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.