कार्यकर्त्याचे संवादकौशल्य : एकनाथजींचा वस्तुपाठ

(कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषणाचे शब्दांकन)



‘नेतृत्व आणि संवादकौशल्य’ हा विषय आज माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. या विषयावरील पुस्तकांनी दुकाने भरली आहेत. उभे कसे राहावे, आवाज केव्हा चढवावा, हे सारे त्यांत सापडते. त्याचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. परंतु संघटनेत काम करणाऱ्याची खरी कसोटी लागते ती आपले म्हणणे मान्य नसलेल्या माणसाच्या घराची पायरी चढताना. म्हणून तत्त्वांची यादी न देता एकाच कार्यकर्त्याचे उदाहरण आपल्यापुढे ठेवतो.

अमरावती जिल्ह्यातील टिमटाळा येथे १९१४ साली जन्मलेले एकनाथजी रानडे हे संघाचे सरकार्यवाह होते. १९६३ हे स्वामी विवेकानंदांचे जन्मशताब्दी वर्ष. कन्याकुमारीच्या ज्या शिलेवर स्वामीजींनी डिसेंबर १८९२ मध्ये ध्यान केले, तेथे स्मारक उभारण्याचा संकल्प झाला आणि ती जबाबदारी एकनाथजींकडे आली. वाट सोपी नव्हती. मद्रासचे मुख्यमंत्री भक्तवत्सलम यांचा विरोध होता. केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांनाही शिलेचे निसर्गसौंदर्य बिघडेल असे वाटत होते.

अशा वेळी आपल्यापैकी अनेकांना पहिल्यांदा मोर्चा सुचला असता. एकनाथजींनी आधी समजून घेतले की, कोणाचा आक्षेप कशासाठी आहे आणि तो कोणाचे ऐकेल. हुमायून कबीर बंगालमधून निवडून आलेले, आणि विवेकानंद तर बंगालचे सुपुत्र. एकनाथजी कलकत्त्याला गेले, तेथील पत्रकारांना भेटले आणि मंत्रिमहोदयांची भूमिका बंगाली वाचकांपर्यंत पोहोचवली. पुढे कबीरांचा विरोध मावळला. त्यानंतर दिल्लीत तळ ठोकून त्यांनी तीन दिवसांत ३२३ खासदारांच्या सह्या मिळवल्या. त्यांत काँग्रेसपासून साम्यवाद्यांपर्यंत सर्व पक्षांचे सदस्य होते. संघाच्या माजी सरकार्यवाहाने आणलेल्या कागदावर साम्यवादी खासदार सही करतो, याचा क्षणभर विचार करा. त्या खासदाराचे संघाविषयीचे मत बदलण्याच्या भरीस एकनाथजी पडले नाहीत. विवेकानंदांविषयी त्याच्या मनात जो आदर आधीच होता, तेवढ्याविषयीच ते त्याच्याशी बोलले.

भक्तवत्सलम यांनी आरंभी अगदी लहान, १५ फूट बाय १५ फूट एवढ्याच स्मारकाची तयारी दाखवली होती. त्यावर एकनाथजींनी वाद घातला नाही. मुख्यमंत्र्यांच्या मनात कांची कामकोटी पीठाच्या परमाचार्यांविषयी नितांत श्रद्धा आहे, हे त्यांनी हेरले. आराखडा परमाचार्यांपुढे नेला, त्यांची संमती मिळवली आणि मग भव्य स्मारकाचा मार्ग मोकळा झाला. २ सप्टेंबर १९७० रोजी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. निरनिराळ्या राज्य सरकारांचा निधी त्यात आहे आणि एकेक रुपया देणाऱ्या लाखो सामान्य माणसांचाही. (हा एकेक रुपया मागण्याच्या निमित्ताने किती घरांशी बोलणे झाले असेल, याचा हिशेब मात्र कोठे लिहिलेला नाही.)

यात चातुर्य आहे, मी ते नाकारत नाही. पण समोरच्याविषयी मनात तुच्छता असती, तर त्याच्या श्रद्धेची जागा त्यांना दिसलीच नसती.

आता आपल्या बैठकांकडे पाहू. दोन तासांच्या बैठकीत पावणेदोन तास प्रमुखच बोलतो आणि शेवटी ‘कोणाला काही विचारायचे आहे का?’ असे घड्याळाकडे पाहत म्हणतो. निरोप भ्रमणध्वनीवरील गटात टाकला की ‘कळवले’ असे वृत्तात लिहिले जाते. एखादा तरुण येईनासा होतो. तीन महिन्यांनी त्याचे नाव निघते. ‘तो बहुधा नोकरीत व्यग्र असेल’ असे कोणीतरी म्हणते आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो. वस्तुतः वर्षभरापूर्वीच तो काही सांगू पाहत होता. त्या दिवशी आपल्यापाशी वेळ नव्हता. माणसे विचार न पटल्यामुळे जितकी दुरावतात, त्याहून अधिक या अशा न झालेल्या बोलण्यामुळे दुरावतात, असे मला वाटते.

चहापानानंतर गटचर्चा आहे. तत्पूर्वी प्रत्येकाने आपल्या भागातील, येणे थांबलेल्या तीन कार्यकर्त्यांची नावे कागदावर लिहावीत. प्रत्येक नावापुढे त्याने स्वतः आपल्याला सांगितलेले कारण लिहावे. आपला तर्क लिहू नये. कारण ठाऊक नसेल तर ती जागा कोरी सोडावी आणि कागद तसाच गटप्रमुखांकडे द्यावा.