शहरात पोट का सुटते?

मंडळी, आज वजनाविषयी बोलायचे आहे. धान्याच्या नव्हे, माणसाच्या.

गौरी-गणपतीला मुंबई-पुण्याची माणसे गावी येतात. पाच-सहा वर्षांपूर्वी सडपातळ गेलेला पोरगा एस.टी.तून पोट सांभाळीत उतरतो. म्हातारी कौतुकाने म्हणते, "शहर मानवलं गं माझ्या लेकराला!" अंग भरले म्हणजे सुख लागले, असे आपण मानत आलो. ज्यांनी दुष्काळ पाहिला, त्यांनी तसे मानले यात नवल नाही. पण शहरातले पोट सुखाने सुटते असे समजू नका.

अशी माणसे किती? सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघरी पाहणी केली. १५ ते ४९ वर्षांच्या बायका-पुरुषांची उंची मोजली, वजन केले. शहरांत दर १०० बायकांत ३३ जणींचे वजन उंचीच्या मानाने जादा भरले. पुरुषांत १०० मागे ३०. म्हणजे जवळजवळ तिघांत एक! खेड्यांत बायकांचा आकडा २० आणि पुरुषांचा १९. हाही लहान नव्हे बरं का.

जादा म्हणजे किती? उंची सव्वापाच फूट, म्हणजे १६० सेंटीमीटर असेल आणि वजन ६४ किलो किंवा त्याहून अधिक भरले, तर ते जादा धरले.

मग शहरातला माणूस खादाड झाला का? तसे म्हणून मोकळे होता येत नाही. विरार किंवा कल्याणहून मुंबईत कामाला जाणारा माणूस घ्या. पहाटे उठतो, गाडी गाठतो. दिवसभर खुर्चीवर किंवा यंत्रापुढे बसतो. भूक लागली की स्टेशनाबाहेर वडापाव खातो. तो स्वस्त असतो, हातात चटकन मिळतो. पण तो म्हणजे तळलेला वडा आणि मैद्याचा पाव. रात्री दहाला जेवतो आणि तसाच आडवा होतो. झोपही पुरती मिळत नाही. शरीरात जाते पुष्कळ, खर्च होते थोडे. उरलेले चरबी होऊन साठते.

चहाचाही हिशेब करून पाहा. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसाला पाच कप झाले, तर ५० ग्रॅम. महिन्याला दीड किलो साखर एकट्याच्या पोटात! आणि माणूस म्हणतो, "मी गोड खातच नाही."

बायकांचे प्रमाण शहरात पुरुषांहून जास्त आहे. खेड्यातली बाई शेतात राबते, पाणी भरते. शहरात नळ घरात आला, गॅस आला, मिक्सर आला. ते कष्ट गेले ते फार चांगले झाले. डोक्यावर पुन्हा हंडा घ्या, असे कोण म्हणेल? पण तिथे मोकळे अंगण नाही. रस्त्यावर गाड्यांची गर्दी. चालायचे कुठे? घरात सगळ्यांचे करून उरलेला वेळ दूरदर्शनच्या पडद्यापुढे किंवा मोबाईलवर जातो. वय वाढले, हाती पैसा खेळू लागला, की वजनही वाढते, असे त्याच पाहणीत दिसले.

जाड माणसाला हसू नये. पण त्याचे नुसते कौतुकही करू नये. पोटाभोवती चरबी साठली की मधुमेह आणि रक्तदाब यांचा धोका वाढतो. आपल्या देशातल्या लोकांना गोऱ्या लोकांपेक्षा कमी वजनावरही मधुमेह होतो. तो बरीच वर्षे दुखत नाही, खुपत नाही. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला, म्हणजे मग कळते. तोवर डोळे, मूत्रपिंडे बिघडलेली असतात.

आणि आता गावातही मोटारसायकल दारात आहे. दुकानात तळलेल्या वेफरच्या पुड्या माळेने टांगल्या आहेत. नांगराचे काम ट्रॅक्टर करतो. २००५-०६ साली देशात, शहरे-खेडी मिळून, १०० बायकांत सुमारे १३ जणींचे वजन जादा होते. २०१९-२१ मध्ये २४ जणींचे झाले.

तुमच्या गावची आशाताई तिशीपुढच्या माणसांची माहिती घ्यायला येते. तिच्याजवळ फीत असते. तिला कमरेचा घेर मोजू द्या, लाजू नका. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला, तर धोका जास्त धरतात. मग उपकेंद्रात जायचे. तिथे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहतात, बोटातल्या थेंबभर रक्तावर साखर पाहतात. त्याला पैसे पडत नाहीत.