जुनी मोटार हटून बसते तेव्हां
मुंबईच्या टॅक्सींतून प्रीमियर पद्मिनी २०२३ सालीं निवृत्त झाली. घरोघरीं हौसेनें जपलेल्या कांहीं अजून आहेत. अशी गाडी पावसाळी सकाळीं हटून बसली, तर वारंवार किल्ली फिरवून बॅटरी शिणवूं नये, कान द्यावा. नुसतें ‘टक्’ होऊन दिवे मंदावले, तर दोष बहुधा बॅटरीचा वा तिच्या गंजलेल्या टोकांचा. स्टार्टर जोमानें फिरूनही इंजिन पेट घेत नसेल, तर बॅटरी निर्दोष समजावी. गॅरेजवाला मात्र नवीच सुचवील! पेट्रोलचा उग्र वास आल्यास तें पोंचलें आहे, किंबहुना अति झालें आहे. चोक आंत सारून दहा मिनिटें थांबावें. मग डिस्ट्रिब्यूटरचें झांकण काढून आंतून कोरड्या फडक्यानें पुसावें. तेथें ओल धरली, कीं ठिणगी भलत्याच वाटेनें जाते.